काउंटचा पाळणा

दार लोटून घे रे, आणि ते फोन ठेवा. कीर्झे माझ्या शेजारचा, खोटं बोलणारा माणूस नव्हे. दोन हजार सहा, ऑक्टोबरचा दुसरा शुक्रवार. आपल्या पल्यार्सवर राज्य केलेल्या जुन्या काउंटच्या नावाची पहिली जत्रा रविवारी होती. कीर्झे तिचा म्होरक्या. देवळाच्या माळ्यावरून काउंटच्या पोराचा पाळणा आणायचं काम त्याच्याकडे.

मी म्हटलं, "घरात नको नेऊस. काउंटच्या गढीत पोर जन्मलं की त्याला दूध पाजायला कुळाची ओली बाळंतीण ओढून न्यायचे. तिचं स्वतःचं पोर घरी उपाशी मरायचं."

"तू लेका म्हातारा झालास," तो हसला. "लाकूड आहे. चावतंय का?"

पाळणा घरी नेलाच, वर तीन आठवड्यांचा नातूही त्यात निजवला. मिरवणुकीत काउंटचा वारस म्हणून बसवायचा होता ना! बाळाची आई, म्हणजे त्याची पोरगी सान्सा, हिला दूध येत नव्हतं. बाळ बाटलीवर, त्यातही वजन घटत चाललेलं. सगळं घर धास्तावलेलं.

पहाटे तीन वीसला बाळ रडायचं एकदम थांबलं. चुटचुट आवाज येऊ लागला. सान्साला पान्हा फुटला असं वाटून कीर्झेला आनंद झाला. तो उठला.

सान्सा दारातच उभी होती. हातात भरलेली बाटली.

मग पाळण्यापाशी...

वास आला. आठवडाभर न धुतलेल्या दुधाच्या कॅनचा. बाई वाकली होती. तोंड दिसत नव्हतं. छातीतून पिवळ्या गुठळ्या गळत होत्या. आणि बाळ पीत होतं.

"बाबा..." सान्साच्या हातून बाटली पडली. घरंगळत बाकाखाली गेली.

बाकाखाली कुणीतरी कण्हलं. अगदी बारीक, तान्ह्या पोरासारखं.

बाईनं मान वळवली. बाकाकडे. पण हलली नाही... हलता येत नव्हतं तिला.

कीर्झेनं नातवाला उचललं. त्याच्या तोंडात बोट घालून नासकं दूध काढलं. स्वतः तिथंच ओकला. पोर वाचलं.

पाळणा त्यानं उजाडताच परत नेला. जत्रेवाले अजून दरवर्षी तो मांडतात, त्यात आपली पोरं ठेवून फोटो काढतात. शी! मला त्या बाईची किळस नाही येत. ह्यांची येते.

हो, ती बाटली. सकाळी बाकाखालून काढली. बोंडाची फिरकी घट्ट. फरशी कोरडी.

आत थेंब नव्हता. रबरी बोंडाला चावून चावून भोकं पाडलेली.