खंजिरीवर बोट

ज्या वर्षी दादाला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी त्याच्या बँडची गाजलेली गाणी एका सीडीत निघायची होती. नुसती गाणी नव्हेत. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की पडद्यावर आमच्या बँडचा फोटो यायचा, आणि ज्याच्यावर बाण नेऊन बटण दाबाल तो बोलायचा.

हे करणारा कॉम्प्युटरवाला पहिल्याच दिवशी तालमीच्या खोलीत आला आणि खुर्चीवरच्या माझ्या खंजिरीवर बसला. छन्न झालं. ताडकन उठला.

"लागलं का?"

"मला विचारताय की खंजिरीला?"

"खंजिरीला. तुम्ही तर धडधाकट दिसताय."

मी सगळ्यांच्या मागे उभी राहणारी. मलाही बोलतं करावं हे दादाच्या डोक्यातच नव्हतं. यानं मात्र सगळ्यांचं झाल्यावर माइक माझ्यापुढे ठेवला.

"काय बोलू?"

"थांबा, आधी आवाज बघू द्या." कानाला हेडफोन, नजर खाली. मग मान वर न करताच म्हणाला, "माझ्याशी... लग्न कराल?"

बाहेर पागोळ्या गळत होत्या. हातातल्या खंजिरीच्या झांजा वाजायला लागल्या, म्हणून मी ती पोटाशी धरली.

"हे... रेकॉर्ड होतंय का?"

"नाही हो."

तेवढ्यात ड्रमवाला आत आला आणि उत्तर राहून गेलं. आधीचा गिटारवाला माझ्याकडे बघून हसला, म्हणून दादानं त्याला भर तालमीतून हाकललं होतं. आता या कॉम्प्युटरवाल्याची पाळी येणार, या धास्तीनं मी त्याच्याकडे बघणंच सोडलं.

सीडी छापायला जायच्या दिवशी दादा स्वतः माउस धरून बसला. ड्रमवाला बोलला, गिटारवाला बोलला. बाण माझ्यावर आला.

"ही पण बोलते?"

"याही गाण्यात आहेत, म्हणून मी..." कॉम्प्युटरवाल्याचं वाक्य अर्धंच राहिलं. दादानं बटण दाबलं होतं.

माझ्याशी... लग्न कराल? मग झांजा, मग पागोळ्या. हे रेकॉर्ड होतंय का? नाही हो.

कॉम्प्युटरवाला पांढराफटक पडला. "ते... कापायचं राहिलं."

दादानं पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळला.

"उत्तर कुठाय?"

"दिलं नाही अजून."

"का?"

"तुझी भीती."

दादानं माइक माझ्याकडे सरकवला. "मग माझ्यासमोरच दे. सीडी न्यायला गाडी खाली उभी आहे."

कॉम्प्युटरवाल्यानं हेडफोन चढवला.

"हो," मी म्हणाले.

"प्रश्न काप," दादा त्याला म्हणाला. "लोक गाणी विकत घेतात, तुझं धाडस नाही." दारात थांबून म्हणाला, "आणि हिची खंजिरी सुटता कामा नये, भावोजी."

त्यानं प्रश्न कापला, उत्तर ठेवलं. कितीतरी घरांत लोक माझ्या फोटोवर बटण दाबायचे आणि एकच शब्द ऐकायचे – हो. कशाला हो, ते कुणालाच कळलं नाही.

खरंच कापायचं राहिलं होतं, की मुद्दाम ठेवलं होतं? मी आयुष्यभर विचारत राहिले. तो हेडफोन कानाला लावून म्हणायचा, "काय? ऐकू येत नाही."

जुळ्यांची लग्नं झाली, त्याच्या पुढच्या वर्षी दादा वारला. माझा नवरा गेल्या थंडीत, एका मंगळवारी सकाळी वारला.