मिठागरातला हात

लेखनाच्या वर्गात मृणालताईंनी सांगितलेलं काम सोपं होतं. लहानपणची एकच आठवण, पानभर लिहायची आणि रविवारी सगळ्यांसमोर वाचायची. शिवानीने खोपटच्या घरी स्वयंपाक उरकल्यावर एका बैठकीत ते लिहूनही टाकलं. आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवणारी बाई ती. मोजकं आणि नेमकं लिहायची तिला सवयच होती.

सात वर्षांची असताना ती कोपरीच्या मागच्या मिठागरात, खाडीचं पाणी आत घेणाऱ्या चरात पडली होती. चिखल आधी गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत. तोंडात खारट पाणी गेलं. तेवढ्यात बांधावरून कुणीतरी झुकून हात दिला आणि तिने तो घट्ट धरला. पुढचं मात्र काही केल्या आठवेना. घरी कशी आली, कुणी आणलं? तिने डोंबिवलीला आईला फोन लावला.

"आई, आमच्या लेखनाच्या वर्गासाठी लिहितेय. मी मिठागरात पडलेले ना, तेव्हा मला वर कुणी काढलं गं?"

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"ते कशाला लिहितेस?" आई म्हणाली. "टेंभी नाक्याच्या देवीला जायचो, ते लिही."

"अगं, पण कुणी काढलं?"

"लोकांसमोर ते वाचू नकोस," एवढंच बोलून आईने फोन ठेवला. असा मध्येच फोन ती कधी ठेवत नसे.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळे जमले. शिवानीच्या आधी दिपेशचा नंबर होता. हा कोपरीचाच, जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातला. अंगाने दणकट.

"माझ्या आजोबांचं मिठागर होतं," त्याने वाचायला सुरुवात केली. "एकदा पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी चरात पडली. मी बांधावर पालथा झालो, तिला हात दिला. तिने धरला. पण चिखलाने हात बुळबुळीत झालेले. ती सुटली."

फ्रॉकचा रंग शिवानीने लिहिला नव्हता. पण तो पिवळाच होता. आईने घरी शिवलेला, गळ्याशी टोचणारा.

मग मृणालताईंनी शिवानीकडे पाहिलं.

"माझं राहिलं लिहायचं," शिवानी म्हणाली. कागद तिने मुठीत चुरगळला होता.

वर्ग सुटल्यावर जिन्यात तिने दिपेशला गाठलं.

"ती मुलगी... नंतर वाचली असेल ना?"

"नाही ओ. ओहोटीला सापडली. आमच्याच ओटीवर आणून ठेवलेली, मी बघितलंय. भाड्याने राहायचे ते लोक. शिवू म्हणायचे तिला. तुम्ही पण कोपरीच्या का?"

"नाही," शिवानी म्हणाली.

ती रिक्षा करून तशीच डोंबिवलीला निघाली. वाटेत स्वतःची समजूत घालत राहिली. दुसरी मुलगी असेल. लहानपणच्या आठवणींत सरमिसळ होतेच. शिवू काय, घरोघरी असते. तरी शिळफाट्यापर्यंत तिने दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरून ठेवलं होतं.

आईने दार उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि बाजूला झाली.

"वाचलंस?"

"मी नाही. ज्याने हात दिलेला, त्याने वाचलं."

आई कॉटवर बसली.

"तुझे बाबा तुला पुरून आले," ती म्हणाली. "मी दार लावू दिलं नव्हतं. संध्याकाळी तू आत आलीस. म्हणालीस, भूक लागलीय. मी भात वाढला."

"आणि?"

"जेवलीस. दुसऱ्यांदा मागितलास."

"कुठून आलीस, म्हणून विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं आणि गेली असतीस तर?" आईने पदराने तोंड पुसलं. "बाबांनी पण नाही विचारलं. शेजारी कुणी बघायच्या आत आम्ही कोपरी सोडली."

शिवानी उठली. न्हाणीघरात जाऊन तिने तोंडावर पाण्याचे हबके मारले, पायांवर पाणी घेतलं. आरशात तिचाच चेहरा होता. छाती धडधडत होती. तिने बोटांनी नाडी पाहिली. लागत होती.

ती बाहेर आली. आज दाराशी पायपुसणं नव्हतं. खोपटच्या घरातली सगळी पायपुसणी आईनेच आणून टाकलेली, हे तिला उगाचच आठवलं.

तिने मागे वळून पाहिलं.

फरशीवर तिची ओली पावलं उमटली होती. पंख्याच्या वाऱ्याने ती वाळत होती आणि वाळता वाळता त्यांच्या कडा मिठाने पांढऱ्या होत होत्या.

आई आधीच फडकं हातात घेऊन बसली होती.