मिओचा तिसरा अंक

"प्रियदर्शिनी, तिसरा अंक गेला! कपाटातून चोरीला गेला!"

निशिकांतचा फोन आला तेव्हा प्रियदर्शिनी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, पहिला घास घेत होती. तिने ताट तसंच ठेवलं आणि पलीकडच्या इमारतीखालचा तालमीचा हॉल गाठला. दिवसभर प्रयोगशाळेत चुका हुडकणाऱ्या या बाईला परदेशातल्या मराठी मंडळात काही हरवलं की हमखास बोलावणं यायचं. या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. हे नाटक ऋचाचं होतं.

ऋचा तिची जिवाभावाची मैत्रीण. दीपगृहात आईबरोबर राहणाऱ्या मिओची जपानी चित्रकथा मराठी रंगभूमीवर आणायचा तिने ध्यास घेतला होता. प्रकाशकाच्या परवानगीसाठीच दोन वर्षं गेली. अट एकच होती, शेवट बदलायचा नाही. परवानगी आली आणि २००६च्या मार्चमध्ये ऋचा कॅन्सरने गेली.

"उद्या प्रकाशकाकडच्या बाई दुभाषा घेऊन येणार," निशिकांत घाम पुसत म्हणाला. दिग्दर्शक तोच. "शेवटचा अंक ओळीनओळ ताडून बघणार. तो नसला तर परवानगी रद्द. ऋचाच्या सगळ्या मेहनतीवर पाणी!"

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"खिळ्याला. सगळ्यांना ठाऊक आहे."

"दुसरी प्रत?"

"नाही. शेवट आधीच फुटू नये म्हणून मीच काढू दिली नाही."

"हे अंक तुला कुणी दिले?"

"पहिले दोन ऋचाने. तिसरा एप्रिलमध्ये रत्नदीपने आणून दिला. तिने लिहून ठेवला होता म्हणाला."

रत्नदीप म्हणजे ऋचाचा नवरा.

"काल शेवटी कोण होतं?"

"मी, मीनल आणि रत्नदीप. उद्याच्या तपासणीचं मी कालच दोघांना सांगितलं. पण मला विचारशील तर ही मीनलच! शेवट आवडत नाही म्हणून महिनाभर कुरकुर चाललीय तिची."

मिओचं काम करणारी मीनल बाजूलाच उभी होती, ती फणकारली. "नाहीच आवडत! दोन अंक घर सोडायची तयारी करणारी मुलगी शेवटी होडीतून उतरते, दार उघडते आणि आईच्या कुशीत शिरते. कुणाला पटेल? पण म्हणून मी चोरी करीन?"

"याच क्रमाने? आधी होडी, मग दार, मग आई?"

"पाठ आहे मला."

मूळ पुस्तक कपाटात जागच्या जागी होतं. प्रियदर्शिनीने ते मागच्या बाजूने उघडलं, ऋचाने शिकवलं होतं तसं, आणि शेवटच्या पानावर आली. एका ओळीत तीन चौकटी होत्या. डावीकडे होडी, मध्ये दार, उजवीकडे आईची मिठी.

तिने पुस्तक मिटलं.

"तासभर कुणाला काही बोलू नका," ती म्हणाली. पुस्तक पर्समध्ये टाकून तिने सेंगकांगची MRT मेट्रो पकडली.

दार रत्नदीपनेच उघडलं.

"जयभीम, दादा. अंक तुम्ही घेतलात ना?"

तो बाजूला झाला.

"नाटकावर कुणाचा राग असता तर तिन्ही अंक गेले असते," ती आत येत म्हणाली. "गेला तो फक्त उद्या तपासायचा अंक. मीनलला तो पटत नव्हता, पण तपासणीत तो चुकीचा ठरला असता तर तिचंच म्हणणं खरं झालं असतं. ती कशाला लपवेल? भीती होती ती लिहिणाऱ्याला."

"लिहिणारी ऋचा."

"नाही, दादा." तिने पर्समधलं पुस्तक टेबलावर ठेवून शेवटचं पान उघडलं. "जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात. हे मला शिकवलं ऋचाने. चौकटी उलट वाचायची चूक तिच्या हातून होणं शक्य नाही. ज्याने तो अंक लिहिला त्याला जपानी येत नव्हतं. त्याने नुसती चित्रं पाहिली, तीही आपल्या सवयीने, डावीकडून. आणि तो अंक तिच्या नावाने आणून दिलात तुम्ही."

रत्नदीप खुर्चीत बसला.

"दुसरा अंक संपला आणि तिला पेन धरवेना. 'माझं नाटक उभं राहू दे' म्हणाली. मी शब्द दिला, प्रिया. तिसरा अंक नसता तर मंडळ दुसरं नाटक घेणार होतं. हार्बरफ्रंटचं ऑफिस सुटलं की घरी यायचो आणि ही चित्रं बघत बसायचो. उद्या त्या बाईंनी खोटेपणा पकडला असता. तिचं नाव धुळीला मिळालं असतं."

"दोन अंक तिचे आहेत, ते कोण पुसणार? तिसरा तिला पुरा करता आला नाही, हे त्यांना आपण आधीच सांगू. दुभाष्याकडून समजून घेऊ आणि खरा शेवट लिहू. मी येते तुमच्याबरोबर."

तो उठून आत गेला आणि कागद घेऊन आला. ते तिच्या हातात द्यायचे सोडून त्याने टेबलावरचं पुस्तक पुढे ओढलं.

"मला ती घरी येताना दिसली होती," तो म्हणाला. त्याने उजव्या चौकटीवर बोट ठेवलं. आई. मग दार. मग होडी. "म्हणजे ती निरोप घेते?"

"हो."

"आणि मग परत?"

प्रियदर्शिनीला खोटं बोलायचा मोह झाला, पण तिने तो आवरला.

"यापुढे पान नाही, दादा."