दोघांचा मायक्रोस्कोप

लिफ्ट बंद होती, म्हणून तो जिन्याने उतरला आणि रस्ता चुकून थेट माझ्या खोलीत आला. अंगावर ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे, हातात माझाच रिपोर्ट. 'गाठवाल्या बाई' कुठे भेटतील, असं त्याने मलाच विचारलं. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठी तपासते, म्हणून सगळं हॉस्पिटल मला त्याच नावाने ओळखायचं. त्याला कुणी पिकल्या केसांची बाई अपेक्षित असावी.

"बसा. मीच ती."

तो बसला नाही... कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

तो मुलांच्या मेंदूचा सर्जन, महिन्यापूर्वीच रुजू झालेला. पाच वर्षांच्या एका मुलीची गाठ त्याने पूर्ण काढली होती. आधीच्या हॉस्पिटलने छोटा तुकडा तपासून ती घातक ठरवलेली, सोमवारपासून रेडिएशन ठरलेलं. आणि माझा रिपोर्ट म्हणत होता, गाठ सौम्य आहे, रेडिएशन नकोच. मी चुकले तर मुलगी हातची जाणार होती. आधीचे चुकले असतील तर त्या कोवळ्या मेंदूला उगाच जन्मभराची इजा.

दोघांनी एकदम पाहायचा मायक्रोस्कोप असतो. मी त्याला समोर बसवलं. आधी रक्तवाहिन्यांचे झुबके दाखवले, ज्यांनी पहिल्या डॉक्टरांना फसवलं होतं. मग त्यांच्या शेजारचे जाड गुलाबी धागे — हळू वाढणाऱ्या गाठीची खूण. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने डोळे वर केले... आणि मीही नेमके तेव्हाच.

"इतकी खात्री?"

"माझी आहे. तुमच्यासाठी जनुकांची चाचणी लावली आहे. आठ दिवस थांबा."

त्याने रेडिएशन पुढे ढकललं. आठवडाभर रोज खाली यायचा, निमित्त निकालाचं. निकाल माझ्यासारखाच आला, मुलगी हसत घरी गेली. तो मात्र येतच राहिला, कॉफीचे दोन कप घेऊन. काही गाठी औषधाला दाद का देत नाहीत, हे माझं संशोधन. त्याबद्दल तो खोदून खोदून विचारायचा, आणि मी सांगत असताना काचेकडे कमी, माझ्याकडे जास्त बघायचा. एकदा मी तसं म्हटलंही. गाठ हलत नाही, तुम्ही हलता, म्हणून लक्ष जातं, म्हणाला. मी हसू दाबलं — दाबलं गेलं नाही.

वर्षभराने पत्र आलं. दुसऱ्या शहरातलं विद्यापीठ मला स्वतःची प्रयोगशाळा देत होतं, फक्त मुलांच्या मेंदूतल्या गाठींसाठी. मी जाणारच होते, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. अवघड होतं ते त्याला सांगणं.

त्याने पत्र दोनदा वाचलं.

"जा," तो म्हणाला. इतक्या सहज, की मला रागच आला.

"बस? एवढंच?"

"जा म्हणालो. एकट्या जा — असं नाही म्हणालो."

मग मीही कबूल केलं. तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलात सर्जनची एक जागा रिकामी होती. पत्र आलं त्याच दिवशी मी फोन करून चौकशी केली होती. तो इतका हसला की कप खाली ठेवावा लागला.

"आता आईला फोन करते. काय सांगू तिला, माझ्याबरोबर येणारा माझा कोण?"

"आधी मला सांग."

वर्षभरात पहिल्यांदा तो मला 'तू' म्हणाला होता. माझ्या हातावर हात ठेवून वाट बघत होता...

मी सांगितलं. रिपोर्ट लिहिते तसं — थोडक्यात, आणि शंकेला जागा न ठेवता.