तिसरं आणि चौथं मेज

“शिलाई मशीनचा वाटा करताना सुई त्यांना अन् पायडल आपल्याला, तसं केलं बघा,” शांता तारामतीच्या कानाशी पुटपुटली.

पोरीचं काही खोटं नव्हतं. राज्याचे दोन भाग झाले, तसे काचीगुड्याजवळच्या या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सामानाचेही झाले. खुर्च्या, पंखे, कपाटं मोजत समितीची माणसं तारामती शिकवायची त्या लॅबमध्ये आली. तिथं कारखान्याची छोटी नक्कल मांडलेली होती. पहिल्या मेजावरच्या उभ्या नळीतून बाटली पट्ट्यावर यायची, दुसऱ्यावर तिच्यात मणी पडायचे, तिसऱ्यावर झाकण बसायचं, चौथ्यावर ते हवेच्या दाबानं घट्ट व्हायचं आणि पाचव्यावरून बाटली खोक्यात. ही सगळी मिळून एकच वस्तू, हे समितीला कुणी सांगितलं नाही. त्यांना दिसली पाच मेजं. तिसरं आणि चौथं पेट्यांत ठोकून त्यांनी ट्रकनं दुसऱ्या राज्यात धाडलं. लॅब आता समोरचे दात पडलेल्या माणसासारखी दिसायची.

शांताच्या गटाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच लाइनवर होता. परीक्षकांसमोर ती चालली नाही तर वर्ष बुडणार, आणि शांताला लागलेली नोकरीही.

“मधलं काम हातानं करा,” तारामती म्हणाली. “परेशान नका होऊ.”

सरावाला शांता त्या मोकळ्या जागेत ओंजळ धरून उभी राहिली. दुसऱ्या मेजाच्या टोकावरून बाटली सुटली. ओंजळीत आली नाही. खालीही पडली नाही. हवेच्या नळीचा फस्स आवाज झाला आणि पाचव्या मेजावर लाल झाकणाची बाटली सरकत आली.

लाल झाकणं तर तिसऱ्या मेजासोबतच गेली होती.

विभागप्रमुख नरहर सरांकडे प्रत्येक गोष्टीला कारण असे. पहिल्यांदा ते “नजर चुकली” म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, पट्ट्याचा वेग जास्त आहे. तिसऱ्यांदा चहा सांगायला म्हणून गेले ते आलेच नाहीत.

तारामतीनं मेजांसोबत तिकडं बदली होऊन गेलेल्या प्रसादरावांना फोन लावला.

“पेट्या बंदच आहेत, अम्मा. खिळेसुद्धा काढले नाहीत. इमारतच मिळाली नाही अजून.” मग त्यांनीच विचारलं, “का?”

“काही नाही. सहज.”

“वॉचमन पेट्यांच्या खोलीत बसत नाही आता,” ते म्हणाले, आणि जेवणाचं विचारू लागले.

त्यानंतर कुणी विषय काढला नाही. मुलं त्या मोकळ्या जागेला वळसा घालून जाऊ लागली. झाडूवालीही तेवढा तुकडा सोडून झाडायची. खोकं रिकामं करताना तारामतीच्या हाताला बाटल्या ओलसर लागायच्या. ती त्या पदराला पुसायची आणि कपाटात ठेवायची.

परीक्षेच्या सकाळी एकनाथराव परीक्षक म्हणून आले. खुर्ची ओढून पाचव्या मेजापाशी, खोक्याजवळ बसले.

“हौ, चालवा.”

बटण तारामतीनंच दाबलं. लाल झाकणांच्या बाटल्या एकामागून एक आल्या. एकनाथराव खूश झाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“छान! आता टाकल्या किती अन् निघाल्या किती, तेवढा ताळा सांगा. सही करतो.”

तारामतीनं पहिल्या मेजाकडे पाहिलं. उभ्या नळीत बाटल्या तोंडापर्यंत रचलेल्या होत्या, मुलांनी सकाळी रचल्या तशाच. नळीची चावी बंद होती. घाईत उघडायचीच राहिली होती.

तिनं बटण बंद केलं. पट्टा थांबला.

फस्स.

आणखी एक आली.

नरहर सर खिडकीबाहेर बघत होते. तारामतीनं शांताच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“जितक्या टाकल्या, सर, तितक्याच...”

“नक्को, मॅडम.” शांताचा आवाज इतका बारीक होता, की एकनाथरावांना पुढं वाकावं लागलं. “सर, आज आम्ही एकही टाकली नाही.”