टाकी रुसली तेव्हा

तो माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलला, ते होतं, "जरा हा टॉवेल हुंगून बघता का?"

मैलापाणी केंद्राच्या फाटकातून मी आत शिरत होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट. आणि समोर कडक इस्त्रीच्या शर्टातला एक उंच तरुण, पांढराशुभ्र टॉवेल पुढे करून उभा.

मी हुंगला. "साबणाचा वास येतोय."

"आणि त्याच्या मागे?"

त्याच्या मागे... कुजक्या अंड्यांचा. अगदी पुसट, पण होता. मी मात्र कबूल करणार नव्हते.

"नाक फार तिखट आहे तुमचं," मी म्हटलं.

"नाक साधंच आहे हो, वास तिखट आहे. भिंतीपलीकडची लाँड्री माझी. हॉटेलवाले आता टॉवेल परत पाठवायला लागलेत. मला इथल्या साहेबांना भेटायचंय."

"वासाची टाकी माझ्याकडे आहे. मलाच भेटा."

तो गडबडला. टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली. "म्हणजे... तुम्हीच का वास करता?"

वाक्य निसटलं आणि त्याचे कान लाल झाले. मी हसू दाबलं. पण दाबलेलं हसू गालावर दिसतंच.

"चला," मी म्हटलं, "आलाच आहात तर दाखवते."

टाकी माझी लाडकी. दोन मजली उंच, हिरव्या रंगाची, चारी बाजूंनी बंद. शहराच्या सांडपाण्यातला गाळ तिच्यात जातो. आत हवेचं वारंही न सोसणारे जिवाणू असतात. ते गाळ खातात आणि जळणाचा गॅस देतात. शेजारी बारीक छिद्रांचे पडदे बसवलेत. त्यांतून पाणी गाळून बाहेर पडतं, जिवाणू मात्र आतच राहतात.

"कुणी पळून जायचं नाही," मी सांगितलं.

"तुरुंगच की."

"घर म्हणा. ऊब आहे, पोटभर खायला आहे."

"मग वास कशाला?"

खरं सांगायचं नव्हतं, पण त्याने इतक्या सरळ विचारलं की... "पोट बिघडलंय टाकीचं," मी म्हणाले. "आंबलीय आतून. गॅस घटलाय, पडदे बुजतायत. आणि का, तेच मला कळत नाहीये."

याआधी हा सगळा गाळ ट्रकमध्ये भरून गावाबाहेरच्या माळावर ओतायचे. तिथल्या घरांना खिडक्या उघडता येत नव्हत्या. ही टाकी मंजूर करून घ्यायला मी साहेबांच्या किती मागे लागले होते, ते माझं मला माहीत. आता साहेबांनी महिनाअखेरीची मुदत दिली होती. टाकी सुधारली तर ठीक, नाहीतर पुन्हा ट्रक.

लाँड्रीवाला मग रोजच यायला लागला. म्हणे, वासाची पाहणी.

"आज जरा कमी वाटतोय," फाटकाशी उभा राहून तो सांगायचा.

"वारा उलटा आहे."

"मग वारा सुलटा झाला की येतो परत."

एकदा खुंटीवरचा माझा कामाचा अंगरखा न विचारता घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आणून दिला तर काय... डाग गायब, कॉलर ताठ, बाह्यांवर सुरीसारखी इस्त्री. तो घालून मी गाळाच्या पंपापाशी उभी होते. साहेब थबकले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आज कुणाचं लग्न आहे?"

दिवसभर मी कशालाही टेकले नाही. अंगरखा चुरगळू नये म्हणून.

टाकी मात्र ढिम्म. गाळ कमी सोडला, सोडा घातला, ऊब वाढवली... तिचा रुसवा जाईना.

एका दुपारी मीच भिंतीपलीकडे गेले. तो एकटाच होता, चादरींच्या ढिगात बुडालेला. "बरं झालं आलात. जरा हे टोक धरता का?"

मी टोक धरलं. चादर आमच्यामध्ये ताणली गेली, अजून कोमट होती. तो दोन पावलं पुढे आला, मी दोन. टोकाला टोक लागलं, बोटाला बोट. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. प्रत्येक घडीला चादर लहान होत गेली आणि शेवटी आमच्यात एका उशीइतकंच अंतर उरलं.

"तुम्ही..." तो म्हणाला आणि थांबला.

"काय?"

मी श्वास घेतला. नाकात गोड, दाट सुगंध शिरला. "चादरीला कसला वास आहे हा?"

त्याचा चेहरा फुलला. "आवडला? तुमच्या वासावरचा उपाय आहे." त्याने कोपऱ्यातला निळा ड्रम दाखवला. "नवीन औषध. कपडा मऊ होतो, सुगंध येतो, वर जंतू जागच्या जागी खलास. तुमचा वास वाढला की मी जरा जास्त ओततो."

माझ्या हातून चादर सुटली.

"आणि ते पाणी... कुठे जातं?"

त्याने बोट दाखवलं. फरशीतली मोरी, तिथून पाइप आणि तो पाइप थेट माझ्या भिंतीकडे.

तेच औषध टाकीतले जिवाणू मारतंय, हे मी सांगितलं, तेव्हा आधी तो हसला. मग हसू मावळलं. "म्हणजे वास यायचा म्हणून मी ओतायचो... आणि मी ओतायचो म्हणून वास यायचा?"

"हो."

"तुम्हाला वर कळवावं लागेल ना?"

"हो. लाँड्रीला टाळंही लागू शकतं." माझा आवाज मलाच परका वाटला.

त्याने जाऊन एकेक मशीन बंद केलं. घरघर थांबली आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. "मी कळवतो," तो म्हणाला. "तुमच्या तोंडून नको."

सकाळी मी पोहोचले तेव्हा तो साहेबांसमोर उभा होता. साहेबांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मग माझ्याकडे वळले. "पुरावा?"

मी दोन बाटल्यांत गाळ भरला. एकीत त्याच्या औषधाचे थेंब टाकले, दुसरी तशीच ठेवली. तो आणि मी, डोक्याला डोकं लावून बघत बसलो. दुसरीतून गॅसचे बुडबुडे टुपटुप वर येत राहिले. पहिली हळूहळू गप्प झाली.

"मारलं मी त्यांना," तो पुटपुटला.

"सगळे नाही मेले. काही तगलेत."

साहेबांनी टाळं लावलं नाही. पण पाण्याची वेगळी सोय होईपर्यंत लाँड्री बंद, असं बजावलं. शेजारच्या शहरातल्या टाकीतून मी टँकरभर निरोगी गाळ मागवला. पडदे काढून धुतले. हा रोज बाह्या सरसावून माझ्याबरोबर पडदे धुवायला. "धुणं हाच तर धंदा आहे माझा," म्हणायचा. हात इतका हलका की एकही पडदा फाटला नाही.

मुदत संपायच्या आत गॅस वाढला. साहेबांनी आकडा दोनदा पाहिला आणि ट्रकवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मी पळतच बाहेर गेले. तो टाकीचा गॅस जाळायच्या बर्नरपाशी उभा होता.

"पेटलाय म्हणतात, पण ज्योत कुठे दिसते?"

"उन्हात नाही दिसत. हात जरा जवळ ने, कळेल."

"ने" म्हणाले होते मी, "न्या" नाही. ते त्याने बरोबर टिपलं. हात नेला, पण ज्योतीकडे नाही... माझ्या हाताकडे.

"आता वास गेला," तो म्हणाला. "मी यायला कारण काय सांगू?"

"कारण लागतं?"

"मला नाही. साहेबांना लागेल. तुझ्या आईला तर नक्कीच लागेल."

"मग खरं ते सांग."

"खरं म्हणजे... तू नसलीस की मला कुठलाच वास येत नाही. साबणाचासुद्धा." तो थांबला. "करशील माझ्याशी लग्न?"

मी होकारार्थी मान हलवली.

रविवारी तो घरी आला. नेहमीपेक्षा कडक इस्त्री. आई समोर बसली. मुलगी मैल्याच्या टाकीवर काम करते, हे स्थळांना कसं सांगायचं, या काळजीने ती कधीची झुरत होती.

"काय करता तुम्ही?" तिने विचारलं.

"कपडे धुतो."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा त्याच्याकडे.

"आणि ही अख्ख्या गावाचा मैला धुते," ती म्हणाली. "चला, घर तरी स्वच्छ राहील."