डावीकडचा स्पीकर

"गाडी इथे लावलीत, म्हणजे स्टिरिओ बसवायचाय, की नुसती सावली हवीय?"

इमाद दचकला. बुधवार पेठेत तो लॅपटॉपचा चार्जर घ्यायला आला होता. दुकानाच्या पायरीवर, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभी असलेली मुलगी हसू दाबत होती...

"बसवायचाय," तो बोलून गेला.

ती मेहजबीन. गाड्यांत स्टिरिओ बसवायचं तिच्या अब्बांचं, गुलजारभाईंचं, दुकान आता तिच्याच हातांवर चालत होतं. इमाद बघत राहिला. गाडीला हात लावायच्या आधी तिने सगळ्या वायरी टेबलावरच जोडून घेतल्या. निघालेला प्रत्येक स्क्रू लोहचुंबकाच्या वाटीत. आणि पॅनल बंद करण्यापूर्वी एकेक स्पीकर कान लावून ऐकला.

"बंद करून मग ऐकलं, तर परत उघडा. दुप्पट वेळ! माझ्या हातची गाडी परत येत नाही."

"आणि गाडीवाला?"

तिने बट कानामागे सारली. "त्याचं काय काम असणार?"

काम... तेच तर इमादला सुचेना. शेवटी हिंजवडीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, त्याने डाव्या दरवाजाची जाळी काढली आणि स्पीकरची पिन ओढून सैल केली. शनिवारी तो हसतच दुकानात गेला.

मेहजबीनने जाळी काढली आणि तिचा चेहरा उतरला. "पिन सुटलीये... मी नीट दाबलीच नाही वाटतं."

"होतं हो असं—"

"माझ्याकडून नाही होत."

मागे गुलजारभाई उभे होते. "म्हणून म्हणतो, बेटा, घाई नको," ते हळू आवाजात म्हणाले. बाकावरचं गिऱ्हाईक लगेच बोललं, "भाई, आमची गाडी तुम्हीच करा."

तिचे कान लाल झाले. इमादचेही. आत्ता सांगावं... पण जीभ उचलेना. तो निघून गेला. वाटेत गाणं छान वाजत होतं. त्याला ते ऐकवेना. बटण फिरवून त्याने ते बंद केलं.

पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या गाडीत गुलजारभाई वाकले होते. मेहजबीन काउंटरवर बसली होती.

"आता काय बिघडलं?" तिने वर न बघता विचारलं.

"भाई," इमाद म्हणाला. "ती पिन मी काढली होती. यांची चूक नव्हती."

"का?" गुलजारभाई सरळ झाले.

"परत यायला... कारण हवं होतं."

"शिकलेला दिसतोस. तोंड नव्हतं?" एवढंच म्हणून ते आत गेले.

मेहजबीनच्या डोळ्यांत पाणी होतं. "झोप नाही लागली मला. केलेली एकेक गाडी आठवत बसले — कुठे काय सैल राहिलं असेल..."

"मला लाज वाटते. खरंच."

"वाटू दे."

ती उठली, गाडीत वाकली, अब्बांचं अर्धवट काम हातात घेतलं. तो मान खाली घालून दाराशीच उभा राहिला. जावं, की थांबावं?

"उभे आहात तर ही टॉर्च धरा. नीट. हलवू नका."

त्याने धरली.

"रविवारी... चहाला याल? कारण काहीच नाही. तुम्हाला भेटायचंय."

तिने एक स्क्रू घट्ट केला. मग दुसरा.

"अब्बांना विचारा."

"त्यांना?"

"हो. आणि खरं काय ते सांगा." ती जरा थांबली. "मी तर येणारच आहे."